अश्वहृदय आणि अक्षहृदय

वनपर्वातील नलोपाख्यान आपल्या घरांतून अजून वाचले जाते. निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते ऐकलेले असते. हंस, स्वयंवर आणि अरण्यात निजलेल्या दमयंतीचा त्याग एवढे सर्वांच्या ध्यानी राहते. मला मात्र त्यातील एक लहानसा प्रसंग अधिक मोलाचा वाटत आला आहे. बाहुक ह्या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी होऊन राहिलेला नल विदर्भाकडे रथ हाकीत आहे. वाटेत राजाचे उत्तरीय गळून पडते. ते उचलण्यासाठी थांब म्हणावे, तो रथ योजनभर पुढे आलेला! मग राजालाही आपली विद्या दाखविण्याची ईर्ष्या होते आणि तो एका बेहड्याच्या वृक्षाची पाने व फळे रथात बसल्याबसल्या मोजून सांगतो. नलाला ते पटत नाही. तो रथ उभा करून, झाड पाडून, फळे मोजून पाहतो. गणती तंतोतंत निघते. तेव्हा दोघांत विद्येचा विनिमय ठरतो. नलाने अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचे मर्म, द्यावे आणि राजाने अक्षहृदय, म्हणजे फाशांचे व गणनेचे मर्म, द्यावे. राजा आपली विद्या तत्काळ देतो. तुझी तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून असू दे, म्हणतो. बेहड्याचीच फळे त्या काळी फासे म्हणून वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तातला जुगारीही त्याच फळांनी नागवला गेला आहे.

हे उपाख्यान पुनः उघडण्यास कारण झाला तो आमच्याच घरातील एक प्रवास. धाकट्या बंधूंची कन्या चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. वय एकोणतीस. गेल्या वैशाखात ती देहूहून पणजीस मोटारसायकलवरून एकटी गेली, आणि तीही सातारा-कोल्हापूरच्या हमरस्त्याने नव्हे, तर माणदेशातून. देहूच्या माणसाला लांबच्या वाटेचे नवल नाही. दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस येथून पालखी निघते आणि माणसे पंढरपुरापर्यंत पायी जातात. परंतु ती हजारोंच्या संगतीने. "एकटी" हा शब्द उच्चारला गेला मात्र, आमच्या माजघरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. वाटेत टायर बसला तर काय, ही एक शंका. लग्नाची बोलणी चालू असता मंडळी काय म्हणतील, ही दुसरी. आणि पहिलीच्या आडून बोलत होती ती हीच.

माझ्या तरुणपणी चेतक स्कूटरकरिता नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आज चाकणच्या कारखान्यांतून मोटारसायकली रोज हजारांनी बाहेर पडतात, आणि त्या घडविणाऱ्यांत आमच्या मुली आहेत. जी मुलगी यंत्र जुळविते तिने त्यावर बसू नये, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही. तथापि मी लगेच होकार दिला नाही. प्रवासाचा हिशेब मागितला. तिने वहीच पुढे ठेवली. टाकी तेरा लिटरांची, लिटरला पस्तीस किलोमीटर, म्हणजे एका भरतीत साडेचारशे. तरीही तीनशेच्या आत पुनः भरावयाची. टायरातील हवा पहाटे, गाडी थंड असता तपासावयाची, कारण तापलेला टायर दाब अधिक दाखवितो. पाणी चार लिटर, आणि दर तीस किलोमीटरांस अर्धा लिटर, तहान असो वा नसो. ह्या शेवटच्या कलमाचे मी कारण विचारले. ती म्हणाली, "काका, हवा अंगापेक्षा अधिक तापली की वारा थंडावा देत नाही, उलट भाजतो. शिवाय घाम येतो तसा वाळून जातो. म्हणून पाणी किती गेले ते कळतच नाही." मी वही परत दिली आणि घरात सांगितले की पोरगी जाईल.

जाण्याचे खरे कारण मात्र वहीत नव्हते. मधल्या बंधूंचे चिरंजीव गेली तीन वर्षे पणजीस मांडवी नदीतील एका कॅसिनोच्या जहाजावर डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा व चक्र फिरविणारा, म्हणून नोकरीस आहेत. हॉटेल व्यवस्थापनाची परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला मुलगा. आप्तेष्टांत आम्ही "गोव्यास मोठ्या हॉटेलात आहे" एवढेच सांगत आलो. बंधूंनी त्याने पाठविलेला पहिला पगार परत केला. जुगाराच्या पैशाचे अन्न ह्या घरात शिजणार नाही, असे त्यांचे शब्द होते. तेव्हापासून मुलाने घरी पाऊल ठेवलेले नाही. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी पुतणीला निघताना दही दिले आणि एवढेच सांगितले की, "त्याला बघून ये."

माणदेशाची वाट तिने निवडली तिलाही कारण आहे. आमचे मूळ घर म्हसवडच्या बाजूचे. १८७६-७७ च्या दुष्काळात पणजोबांना लहान वयात घेऊन त्यांचे वडील तो मुलूख सोडून इकडे आले. त्यानंतर आमच्यापैकी कोणी तेथे राहावयास गेले नाही.

सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद ह्या मार्गाने फलटण गाठून मोगराळे घाट चढला की दुसराच देश लागतो. आयुर्वेदात भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. थोडे पाणी, विरळ व काटेरी झाडी, कोरडा वारा असेल तो जांगल देश. माणदेश ह्या लक्षणांत चपखल बसतो. राजस्थानासारखी वाळूची मरुभूमी ती नव्हे. परंतु सह्याद्रीवर ढग रिते होऊन जे उरते तेवढेच इकडे येते. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पश्चिमेस महाबळेश्वरी त्याच्या दसपट! दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी ती गेली. गोंदवल्यास ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन तिने दुपारचा प्रसाद घेतला आणि ऊन कलेपर्यंत तेथेच थांबली. दुपारी बारा ते चार गाडी हाकावयाची नाही, हेही वहीत होते.

तिने लिहून आणलेल्या टिपणांत माणसांपेक्षा पाण्याच्या नोंदी अधिक आहेत. कोठे टँकर येतो, कोठे उपसा सिंचनाचा कालवा नुकता पोचला आहे, कोठे त्या कालव्यावर डाळिंबाची बाग उभी आहे. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव तिने मुद्दाम पाहिला. त्या दुष्काळातच पोटासाठी खडी फोडणाऱ्या लोकांच्या हातून त्याचे काम सुरू झाले होते. जे राहिले त्यांनी तलाव बांधला. जे गेले त्यांत आम्ही. एका वस्तीवर पाणी मागितले तेव्हा म्हातारीने तांब्या भरून दिला आणि तिने अर्धा पिऊन उरलेले पाणी ओतून देण्यापूर्वीच तिच्या हातून तांब्या काढून घेतला व ते शेळीपुढे ठेवले. रागाने नव्हे, सवयीने. ह्या मुलुखात थेंब मोजला जातो. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकात ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. त्या शर्यतीत पाण्याचा खड्डाही ओलांडावा लागतो, हे माणदेशच्या मुलीच्या बाबतीत मला मौजेचे वाटते.

दुसरे दिवशी आटपाडी, भिवघाट, मिरज, निपाणी करून बेळगावी मुक्काम. तिसरे दिवशी जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. घाट उतरताना झाडी रस्त्यावर ओथंबून येते, हवा ओलसर होते, आणि साखळी-डिचोलीस येईपर्यंत आनूप देशात आपण केव्हा शिरलो ते कळत नाही. पणजीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पाण्याचा हिशेब ठेवण्याचे तेथे कोणास कारण नाही.

रखरखीत मुलुखातून मोटारसायकल हाकीत जुगाराच्या नगरीत उतरण्याची वाट अमेरिकेत अधिक प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील आपली तरुण मराठी मंडळीही मोहावे वाळवंटातून लास वेगासला जातात. त्याच वाळवंटातील डेथ व्हॅली येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. वाळवंटातल्या नगरीला पाणीही आणलेले आणि पैसाही आणलेला. गोव्यात नदी मूळचीच होती. तेथील १९७६ चा कायदा वस्तुतः जुगाराच्या बंदीचा. १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळाला आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळाला वाट काढून दिली. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा संमत केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. मांडवीतून जहाजे हलविण्याची आश्वासने पणजीकरांना अनेकदा मिळाली, मुदतीही अनेकदा वाढल्या. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना खेळण्यास तेथे मज्जाव आहे. ज्या पदार्थाला आपल्या मुलांनी शिवू नये असे यजमानच म्हणतो, तो पाहुण्यांच्या पानात वाढण्याचा हा न्याय मला कळत नाही. पण तिजोरीला तो कळतो.

मुलगा रायबंदरास चौघांच्या खोलीत राहतो. बहीण आलेली पाहून त्याने स्वयंपाक केला, आमटीभात. जेवून उठताना त्याने दोन्ही तळवे उघडून क्षणभर समोर धरले. तिने विचारले तेव्हा तो ओशाळला. टेबल सोडताना डीलरने हातात काही लपविलेले नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवावयाचे असते; ती सवय आता ताटावरही सुटत नाही.

मग त्याने कागदावर तिला चक्राचे गणित मांडून दाखविले. ते मी येथे देतो, कारण आमच्या वेळी त्रैराशिक शिकविताना असे उदाहरण मिळाले नाही. चक्रावर शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे असतात. एका घरावर शंभर रुपये लावले आणि ते लागले तर पस्तीसपट, शिवाय लावलेले शंभर परत. आता सदतीसही घरांवर प्रत्येकी शंभर लावा. गेले ३७००, आले ३६००. शंभर रुपये चक्राचे. म्हणजे शेकडा २.७. काही चक्रांवर दुसरे एक शून्य असते. तेथे ३८०० जाऊन ३६००च येतात, शेकडा ५.२६. वाचक म्हणतील, एवढेच ना? परंतु हा कर रात्रीवर नाही, प्रत्येक डावावर आहे. तासाला चाळीस डाव, डावास हजार रुपये धरले तर तासात चाळीस हजार रुपये चक्राखालून जातात, आणि सरासरीने १०८१ रुपये, दोन शून्यांच्या चक्रावर २१०५ रुपये, तेथेच राहतात. दैव एखाद्यावर प्रसन्न होते. चक्रावर ते रोज प्रसन्न असते.

"हे खेळणाऱ्यांना ठाऊक नसते का?" तिने विचारले. तो म्हणाला की ठाऊक असलेलेही बसतात. म्हणूनच तेथे नोटा चालत नाहीत, रंगीत चिप्स चालतात. त्याच्या दालनात घड्याळ नाही, खिडकी नाही. खाणेपिणे प्रवेशाच्या रकमेतच. मोजण्याचे जे जे साधन, ते ते धक्क्यावर ठेवून नावेत बसावयाचे. पहाटे एक गृहस्थ उठले आणि "आज वार कोणता?" असे त्यालाच विचारू लागले, तेही त्याने सांगितले. स्वतः त्याने आजवर एक रुपया लावलेला नाही. आणि पैशाविषयी एवढेच म्हणाला की, सरकार आमच्या जहाजावरून घेते तो कर कोणी परत पाठवीत नाही. माझाच पगार तेवढा परत आला.

बंधूंना मी हे सर्व वाचून दाखविले. त्यांचे मत मी तुच्छ लेखीत नाही. द्यूताने धर्मराजाची काय गत झाली ते आपण लहानपणापासून ऐकतो, आणि जहाजावरून उतरलेल्या कितीकांच्या घरी कोणती रात्र उगवत असेल हे मुलाच्या गणितात येत नाही. तो धंदा चांगला, असे मी म्हणणार नाही. परंतु बृहदश्व ऋषीने नलाची कथा युधिष्ठिराला सांगितली आणि शेवटी त्याला अक्षहृदय शिकविले. पुनः फसू नये म्हणून. नलाच्याही देहातून कली बाहेर पडला तो ती विद्या मिळाल्यावर. ज्याला गणती कळते आणि जो खेळत नाही, त्याला घरात पानावर बसू देऊ नये, हे मला शास्त्रात कोठे आढळले नाही. बंधू ऐकून घेतात आणि वर्तमानपत्र उघडतात.

पुतणी सरळ हमरस्त्याने परत आली. गाडीच्या चेनला माणदेशची धूळ अजून आहे. तिने ती मुद्दाम पुसलेली नाही असे तिचा भाऊ म्हणतो. लग्नाच्या बोलण्यातील एका घरी "एकटी जाते" म्हणून पत्रिका परत आली, दुसऱ्या घरी त्याच कारणासाठी मुलाने स्वतः फोन केला. मुलगा गणपतीस येऊ शकणार नाही. सणासुदीस आणि शनिवार-रविवारी त्यास रजा नसते. अनंत चतुर्दशी झाल्यावर मंगळवारी येतो म्हणाला आहे. मातोश्रींनी मंगळवार कॅलेंडरवर खूण करून ठेवला आहे, आणि बंधूंनी ती खूण पाहिली आहे. अद्याप ते काही बोललेले नाहीत.