अवजड वाहनाच्या परवान्याचे धडे ऑनलाईन: चंडीगड परिसरातील चालकांपुढील प्रश्न

हलक्या वाहनाच्या परवान्यावरून अवजड मालवाहू वाहनाच्या परवान्याकडे वळणाऱ्या चालकांचे सैद्धांतिक शिक्षण ऑनलाईन व्हावे काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्यात लाखो चालकांची रोजीरोटी आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षितता गुंतलेली आहे. 2023 या वर्षात देशात सुमारे 4 लाख 80 हजार रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1 लाख 72 हजारांहून अधिक लोकांना प्राण गमवावे लागले. दुसरीकडे, वाहतूक क्षेत्राला सुमारे 22 लाख चालकांची उणीव भासत असल्याचे केंद्र सरकार 2019 पासून सांगत आले आहे. चालक लवकर हवेत आणि चांगलेही हवेत, या दोन गरजांचा मेळ घालताना ऑनलाईन वर्गाचा पर्याय पुढे येतो.

या प्रश्नाचे स्वरूप चंडीगड परिसरात विशेष ठळकपणे दिसते. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी असलेला हा केंद्रशासित प्रदेश जेमतेम 114 चौरस किलोमीटरचा आहे. त्याला लागून असलेले मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात, तर जवळचा बद्दी-नालागड हा औद्योगिक पट्टा हिमाचल प्रदेशात येतो. सेक्टर 26 मधील ट्रान्सपोर्ट भागातून निघालेला मालट्रक एकाच दिवसात या सर्व हद्दी ओलांडू शकतो. मोटार वाहन कायदा सर्वांना एकच लागू असला, तरी प्रशिक्षणाची सोय मात्र हद्दीगणिक बदलते.

परवान्याची पायरी

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असणे आवश्यक आहे. त्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष चाचणी असा क्रम आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी परिवहन वाहनाच्या प्रशिक्षणासाठी किमान 30 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 15 तास निश्चित केले आहेत.

2021 मध्ये या व्यवस्थेत मोठा बदल झाला. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद केली. मध्यम व अवजड वाहनांसाठी या केंद्रांत सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम असून त्याचे सैद्धांतिक आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग आहेत. केंद्रासाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी पथ आवश्यक आहे. येथून उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास परवाना कार्यालयातील चालन चाचणीतून सूट मिळते. म्हणजेच चालक रस्त्यावर उतरण्यास योग्य आहे की नाही, याचा निर्णय मोठ्या प्रमाणात प्रशिक्षण संस्थेच्या हाती सोपवण्यात आला आहे. त्यामुळे तेथील शिक्षणाच्या खरेपणाला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

न्यायालयाने स्पष्ट केलेली मर्यादा

ही पायरी नेमकी कोठे सुरू होते, याविषयी अनेक वर्षे वाद होता. 1994 च्या दुरुस्तीने मध्यम व अवजड माल वाहने आणि प्रवासी वाहने हे वेगवेगळे वर्ग वगळून 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग ठेवला. परिणामी, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाने छोटा टेम्पो चालवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनीने भरपाई द्यावी की नाही, असे दावे उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात चालकांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात तो कायम केला. 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या परिवहन वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असे घटनापीठाने स्पष्ट केले. अशा चालकांमुळे अपघात वाढतात, हे दाखवणारी ठोस आकडेवारी समोर आलेली नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

या निकालाने छोट्या वाहनांच्या चालकांना दिलासा मिळाला. त्याचबरोबर 7,500 किलोच्या वरची पायरी अधिक महत्त्वाची ठरली. 2018 मध्ये आसभाराच्या मर्यादा वाढवल्यानंतर जोडवाहनाचे एकूण वजन 55 टनांपर्यंत जाऊ शकते. साडेसात टनांचा टेम्पो हाताळणारा चालक त्याच्या सातपट वजनाच्या वाहनाकडे वळतो, तेव्हा त्याला केवळ सरावाची नव्हे, तर नव्या ज्ञानाचीही गरज असते.

आठवीची अट आणि त्यामागचे आश्वासन

परिवहन वाहनाच्या चालकासाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. हरियाणातील मेवात भागात अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह वाहन चालवण्यावर अवलंबून आहे. तेथील अल्पशिक्षित चालकांसाठी ही अट शिथिल करावी, अशी मागणी हरियाणा सरकारने केली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2019 मध्ये ही अट सर्वांसाठीच काढून टाकण्याचा निर्णय घेतला. शिक्षणापेक्षा कौशल्य महत्त्वाचे असून सुरक्षिततेशी तडजोड होऊ नये यासाठी प्रशिक्षण आणि चाचणीवर भर दिला जाईल, अशी त्यामागची भूमिका होती.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. शाळेची अट गेल्यानंतर अनेक चालकांच्या आयुष्यात परवान्यासाठीचा सैद्धांतिक वर्ग हाच एकमेव औपचारिक वर्ग उरतो. तो केवळ प्रमाणपत्रापुरता राहिला, तर 2019 चे आश्वासन अपुरे राहते. ऑनलाईन शिक्षणाचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.

अंतराचा प्रश्न

ऑनलाईन वर्गाच्या बाजूने सर्वांत सबळ कारण अंतराचे आहे. पंजाबमध्ये अवजड वाहनचालकांच्या प्रशिक्षणाची राज्यस्तरीय संस्था मुक्तसर जिल्ह्यातील महुआणा येथे आहे. मोहाली परिसरातून हे ठिकाण सुमारे अडीचशे किलोमीटर दूर पडते. हरियाणात रोहतक, बहादूरगड आणि कैथल येथे चालक प्रशिक्षण व संशोधन संस्था आहेत. चंडीगडसारख्या दाट वस्तीच्या शहरात जड वाहनांच्या सरावासाठी विस्तीर्ण मोकळी जागा मिळणे सोपे नाही. क्लिनर म्हणून किंवा टेम्पोवर रोजंदारीने काम करणाऱ्या तरुणाला दूरच्या केंद्रावर घालवलेला प्रत्येक दिवस मजुरी बुडवणारा ठरतो. सैद्धांतिक तास मोबाईलवर पूर्ण झाले, तर केंद्रावरील मुक्काम केवळ प्रात्यक्षिकापुरता राहील.

परवाना व्यवस्थेचा काही भाग यापूर्वीच ऑनलाईन झाला आहे. मार्च 2021 मध्ये केंद्राने शिकाऊ परवान्यासह 18 सेवा आधार पडताळणीद्वारे घरबसल्या उपलब्ध करून दिल्या. महाराष्ट्रात जून 2021 पासून शिकाऊ परवान्याची चाचणी घरून देता येऊ लागली. मात्र पडद्यासमोर बसलेली व्यक्ती उमेदवारच आहे आणि उत्तरे तीच देत आहे, याची खात्री कशी करायची, हा प्रश्नही या सोयीबरोबरच आला. दुचाकीच्या शिकाऊ परवान्यात ही त्रुटी जितकी धोक्याची, त्याहून कितीतरी अधिक ती अवजड वाहनाच्या बाबतीत ठरेल.

धड्यात काय असते

सैद्धांतिक शिक्षण म्हणजे केवळ चिन्हांची ओळख, असा समज आढळतो. अवजड वाहनाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. एअर ब्रेकच्या टाकीत पुरेसा दाब भरल्याशिवाय वाहन हलवू नये, उतारावर सतत ब्रेक दाबल्यास तो तापून निकामी होतो, लांब वाहन वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आत येतात, माल एका बाजूला सरकल्यास वाहन उलटू शकते, चालकाला आरशात न दिसणाऱ्या जागा कोठे असतात, या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम परवाणू-शिमला मार्गावर जितका लागू आहे तितकाच कसारा किंवा खंबाटकी घाटात आहे. त्यामागचे कारण चित्रफितीतून उत्तम दाखवता येते. क्लिनरच्या जागेवरून उस्तादाकडे पाहून शिकलेल्या तरुणाला नियम ठाऊक असतो, पण त्याचे कारण कोणी सांगितलेले नसते.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या व्यावसायिक चालकांसाठी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे झाले. परवान्याचा वर्ग वाढवणाऱ्या चालकांनाही ते लागू आहे. सैद्धांतिक भाग ऑनलाईन करता येतो, त्यासाठी किमान तासांचे बंधन नाही, मात्र परीक्षेत किमान 80 टक्के गुण आवश्यक आहेत. प्रशिक्षण संस्था आपली पात्रता स्वतःच प्रमाणित करून नोंदणी करू शकत असल्याने या पद्धतीवर टीका झाली आणि डिसेंबर 2025 मध्ये तेथील परिवहन विभागाने सुमारे 3 हजार संस्थांना नोंदणीतून वगळण्याची कारवाई हाती घेतली.

कॅनडात 2018 च्या एप्रिलमध्ये हम्बोल्ट येथील आइस हॉकी संघाच्या बसला ट्रकशी झालेल्या धडकेत 16 जणांचा मृत्यू झाला. ट्रकचा चालक या कामात नवखा होता. त्यानंतर सॅस्कॅचेवान प्रांताने 2019 मध्ये 121.5 तासांचे प्रशिक्षण अनिवार्य केले. युरोपीय संघात व्यावसायिक चालकांना दर पाच वर्षांनी 35 तासांचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि 2018 च्या सुधारणेनंतर त्यातील मर्यादित वाटा ऑनलाईन घेता येतो. पंजाबमधील अनेक तरुण ट्रक चालवण्यासाठी उत्तर अमेरिकेत जात असल्याने हे नियम चंडीगड परिसरात दूरचे मानले जात नाहीत. ऑनलाईन पद्धती या देशांनी स्वीकारली आहे. पण जेथे देखरेख सैल राहिली, तेथे नंतर कारवाईची वेळ आली, हा त्यातील धडा आहे.

शिक्षा आणि शिक्षण

भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 (2) मध्ये अपघातानंतर माहिती न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करण्यात आली. तिच्या विरोधात जानेवारी 2024 च्या प्रारंभी ट्रकचालकांनी संप पुकारला. तेव्हा चंडीगड प्रशासनाला पेट्रोलवर मर्यादा घालावी लागली. दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर एवढेच इंधन देण्याचे आदेश निघाले. 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. शिक्षेच्या तरतुदीवर देशभर चर्चा झाली. त्या तुलनेत, अपघातानंतर चालकाने काय करावे, जखमीला मदत कशी द्यावी, पोलिसांना कसे कळवावे आणि जमावापासून स्वतःचे रक्षण कसे करावे, हे त्याला कोण शिकवणार, यावर फारशी चर्चा झाली नाही.

सैद्धांतिक धडे ऑनलाईन देण्यास तत्त्वतः हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. काही अटी मात्र अनिवार्य मानाव्या लागतील. ओळखीची पडताळणी केवळ प्रारंभी नव्हे, तर धडा चालू असताना मधून मधून व्हावी. मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पंजाबी, हिंदी, मराठी अशा भाषांत ऐकता येतील असे छोटे धडे असावेत. परीक्षाही तोंडी देता यावी आणि प्रत्यक्ष चाचणी घेणाऱ्याने त्याच धड्यांवर उमेदवारास वाहनाजवळ उभे करून प्रश्न विचारावेत. स्टिअरिंगवरील तासांत एका मिनिटाचीही कपात होऊ नये. चंडीगड, मोहाली आणि पंचकुला यांना सामाईक असे एखादे सराव केंद्र उभारण्याचा विचार तिन्ही प्रशासनांना करता येईल.

2019 च्या दुरुस्तीनंतर परिवहन परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकांसाठी नियमांत तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. सामान्य अवजड वाहनाच्या चालकालाही दर नूतनीकरणाच्या वेळी ऑनलाईन उजळणी देता आली, तर मजुरी न बुडवता त्याचे ज्ञान अद्ययावत राहील. ऑनलाईन सोयीचा सर्वाधिक लाभ कदाचित याच ठिकाणी होईल आणि प्रारंभही येथूनच करता येण्यासारखा आहे.