कोणती गोळी थांबवायची?

मधुमेह्याला फ्लू किंवा करोना झाला की घरचे विचारतात, कोणते औषध सुरू करायचे? रोजच्या गोळ्यांपैकी कोणती थांबवायची, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

विषाणूवर थेट चालणारी औषधे मोजकीच. फ्लूवर ऑसेल्टामिविर, प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास गुण अधिक येतो, म्हणून मधुमेह्याच्या बाबतीत दाट संशय असेल तर अहवालाची वाट पाहू नये. करोनात निर्मॅट्रेल्विर-रिटोनाविर ५ दिवसांच्या आत सुरू व्हावे लागते. पण रिटोनाविरचे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि त्या गोळ्या पुष्कळ मधुमेह्यांच्या डब्यात असतात. ॲझिथ्रोमायसिन सर्रास घेतले जाते खरे, विषाणूवर त्याचा उपयोग नाही.

खरी मेख साखरेच्या औषधांत आहे. आजारपणात ताणाची संप्रेरके साखर चढवतात. त्यामुळे जेवण गेले नाही तरी इन्सुलिन परस्पर बंद करायचे नसते. उलट, पोटात अन्न नसताना ग्लिमेपिराइड घेतले तर साखर धोकादायक उतरते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले की मेटफॉर्मिन थांबवावे लागते. सर्वांत फसव्या डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. अशा वेळी त्यांच्यामुळे रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात आणि ग्लुकोमीटर मात्र फारसे काही बिघडल्याचे दाखवत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, गोळी स्वस्त झाली, हे चांगलेच झाले. तापात ती थांबवायची, ही माहिती मात्र गोळीइतक्या सहज रुग्णापर्यंत पोचत नाही.

उरले स्टेरॉइड. ऑक्सिजनवरील करोना रुग्णांचे प्राण रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने वाचतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तरीही ते घरोघरी दिले गेले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत बेसुमार स्टेरॉइड आणि बेलगाम साखर यांनी म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट करून दिली. त्यावरच्या अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाइकांना वणवण करावी लागली. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते. केवळ उपाशीपोटी तपासणाऱ्याला ती दिसतच नाही. रुग्णालयात ती इन्सुलिनने साधारण १४० ते १८०च्या दरम्यान राखतात.

डॉक्टरांनी मधुमेह्याच्या चिठ्ठीवर आणखी दोन ओळी लिहाव्यात: ताप आला तर काय थांबवायचे आणि कशाला हात लावायचा नाही.