गॅट्सबीच्या नावानं रडणाऱ्यांनो

दोस्तांनो,

परवाच्या अभ्यासवर्गात आपल्यातलाच एक जण म्हणाला, गॅट्सबी म्हणजे आपलाच माणूस. खालून वर आला, स्वप्न बघितलं, श्रीमंतांनी चिरडला. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण पुस्तक वाचलं नव्हतं. आता वाचलंय. रद्दीतून आणलं, डिक्शनरी मांडीवर घेतली, रात्रपाळी नसेल त्या रात्री वाचलं. दीड महिना गेला. आता गप्प बसणार नाही.

फिट्झगेराल्डची ही कादंबरी १९२५ सालची. शंभर वर्षं होऊन गेली तरी पांढरपेशांचे उसासे संपत नाहीत. गोष्ट एवढीच : नॉर्थ डाकोटातल्या फाटक्या शेतकऱ्याचं पोर, जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी स्वतःच स्वतःचं नाव बदलतं. दारूबंदीच्या काळात (तिकडं ती १९२० ते १९३३ होती) चोरट्या दारूत पैसा करतं आणि न्यूयॉर्कजवळ खाडीकाठी महाल घेतं. का, तर समोरच्या काठावर डेझी राहते. एकेकाळची मैत्रीण, आता बड्या घराण्यातल्या टॉम बुकॅननची बायको. तिच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडं हा रात्री हात पसरून उभा राहतो.

खरं सांगतो, मलाही एके ठिकाणी कालवलं. पोरगा मेल्यावर म्हातारा बाप येतो आणि त्याचं लहानपणचं पुस्तक दाखवतो. मागच्या पानावर टाइमटेबल. सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, आठवड्याला पाच डॉलर साठवणे. मग पाच खोडून तीन केलेत. असलं टाइमटेबल आपल्यातल्या कुणी केलं नाही? मी पत्र्याला चिकटवलं होतं. पावसात गेलं.

पण हे पोर पोचलं कुठं? शर्टांच्या कपाटापाशी. डेझी घरी येते तेव्हा तो इंग्लंडहून मागवलेले शर्ट काढून काढून टेबलावर फेकतो. लिनन, रेशीम, फ्लॅनेल. ढीग होतो. ती त्यात तोंड खुपसून रडते, इतके सुंदर शर्ट म्हणून. इथं रसिक लोक विरघळतात. मी गिरणीवाला. मला त्या ढिगाखाली साचे दिसले. न्यूयॉर्कपासून जवळच न्यू जर्सीत पॅटर्सन आहे. १९१३ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत तिथं रेशीम गिरण्यांचा संप झाला, कारण मालक दोनाच्या जागी चार साचे सांभाळा म्हणत होते. त्याच जुलैत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. पुढं १९२६ ला पसेईकच्या लोकरी गिरण्यांत दहा टक्के पगार कापला तेव्हा पंधरा हजारांवर कामगार संपात उतरले. आणि मुंबईत? आपल्या माणसाला विणाईखात्यात पाय ठेवू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, त्याला आमच्या थुंकीचा विटाळ! पगार बरा मिळायचा तो त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला. म्हणजे शर्ट अंगात घालायला पैसा लागतो आणि विणायला जात. गॅट्सबीला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त डेझीचे डोळे दिसतात.

आता त्या राखेच्या माळाकडं बघा. महाल आणि शहर यांच्या मधोमध राखेचे ढीग, तिथं विल्सनचं गॅरेज. कादंबरीत राबणारा माणूस शोधाल तर हाच. लग्नात कोट दुसऱ्याचा मागून घातलेला, म्हणून बायको मर्टल त्याला हिणवते. ती टॉमनं ठेवलीय. डेझीचं नाव तोंडातून काढलं म्हणून टॉम तिचं नाक फोडतो. शेवटी गॅट्सबीच्या गाडीखाली ती मरते आणि गाडी डेझी चालवत असते. त्या रात्री आपला हा स्वप्नाळू नायक बाई कोण होती एवढं विचारतो, आणि लगेच डेझीवर येतो. तिला त्रास तर होणार नाही ना? मग तिच्या घराबाहेर पहारा करत उभा राहतो. आत नवराबायको जेवणाच्या टेबलाशी बसून समेट करतायत. आपला माणूस म्हणता ह्याला?

समीक्षक म्हणतात, ही माणसं बेपर्वा होती. कादंबरीतला निवेदक निकही तेच म्हणतो. मला हा शब्दच मान्य नाही. टॉम बेपर्वा? बंदूक घेऊन आलेल्या विल्सनला गाडी कुणाची ते तोच सांगतो. विल्सन गॅट्सबीला मारतो, मग स्वतःला. दोन खालचे मेले, वरच्यांनी सामान बांधलं आणि गेले. ह्याला बेपर्वाई म्हणत नाहीत, व्यवस्था म्हणतात. आमच्या गावातसुद्धा वाड्यावरचा माणूस कधी स्वतः काठी उचलत नाही. हाच टॉम जेवताना गोरा वंश बुडणार म्हणून पुस्तकाचा दाखला देतो. असलं पुस्तक खरंच होतं, लोथ्रोप स्टोडर्डचं, १९२० चं. १९२४ ला तर अमेरिकेनं आशियातल्या माणसाला दार बंद करणारा कायदाच केला.

आणि काळी माणसं? एके ठिकाणी तिघं मोटारीत बसलेत, ड्रायव्हर गोरा. निक मोठ्यानं हसतो. दुसऱ्या ठिकाणी अपघातापाशी एक काळा माणूस पोलिसाला सांगतो की गाडी पिवळी होती. अख्ख्या पुस्तकात न विचारता खरं बोलणारा तो एकटा. लेखकानं त्याला नाव दिलेलं नाही. त्याच १९२५ साली, त्याच न्यूयॉर्कमध्ये अलेन लॉकनं 'द न्यू नीग्रो' काढलं, काळ्या लेखकांचं, स्वतःच्या नावानिशी. ते कुठल्या अभ्यासवर्गात वाचलं आपण?

मी असं म्हणत नाही की गॅट्सबी वाचू नका. वाचा. पण आपल्यातली काही पोरं कालपर्यंत वस्तीत मशाल घेऊन फिरत होती आणि आज साहेबांच्या बंगल्याच्या गेटवर उभी आहेत, आत कधी बोलावतील म्हणून. त्यांना तो हिरवा दिवा फार आवडेल, याची मला भीती वाटते.

माना डोलावणाऱ्या त्या दोस्ताकडं माझी प्रत पाठवलीय. पिवळ्या गाडीच्या पानाला खूण केलीय. रविवारपर्यंत परत कर भावा, दुसऱ्या पाळीतला एक जण मागतोय.

जयभीम.