वाटीभर वरणाचा हिशेब

गेल्या लग्नसराईत आम्ही पाच-सहा कार्यकर्ते अकोल्याजवळच्या एका मंगल कार्यालयात जेवायला होतो. लग्न आपल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीचे. खारपाणपट्ट्यात आठ एकर वावर. विहिरीला पाणी आहे, पण खारे. पिकाला देण्याची सोय नाही. सोयाबीनमध्ये तूर घ्यायची आणि आभाळाकडे पाहायचे. जेवण झाल्यावर हात धुवायला मागे गेलो तर ताटे ठेवायच्या जागी चार मोठे टब भरलेले. पोळ्या, भात, वरण, पनीर, अर्धे चावलेले गुलाबजाम, सगळे एकात एक. पोरगा पाचवा टब आणायला पळत होता. आमच्यातला एकजण म्हणाला, "याच्यात आपली तूर किती असंल?"

प्रश्न गमतीने विचारला होता, पण आम्ही तिथेच हिशेब मांडला. वाटीभर वरणाला साधारण २५ ग्रॅम डाळ लागते. क्विंटलभर तुरीची मिलमध्ये ७० किलोच्या आसपास डाळ पडते, बाकी चुनी आणि भुसा. म्हणजे वाटीमागे ३५-३६ ग्रॅम तूर. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला. तो पुरता मिळाला असे धरले तरी एका वाटीत शेतकऱ्याचे पैसे तीन रुपयांच्या आत. पाचशे पाहुण्यांनी अर्धी अर्धी वाटी टाकली तर सव्वासहा किलो डाळ गेली, म्हणजे नऊएक किलो तूर, म्हणजे सातशे-सव्वासातशे रुपये. मृगात पेरलेली, निंदलेली, डवरलेली, अळीपासून राखलेली आणि पौषात सोंगलेली तूर. मांडवाच्या फुलांनाही याहून जास्त लागले असतील. इतक्या स्वस्तातली वस्तू जपून कोण वाढणार आणि जपून कोण खाणार?

हीच डाळ २०१५ मध्ये किलोला २०० रुपये झाली तेव्हा दिल्ली-मुंबईत केवढा आकांत झाला! साठ्यांवर मर्यादा आल्या, गोदामांवर धाडी पडल्या, बाहेरून डाळ मागवली. तेव्हा वाटीभर वरणातली डाळ किती रुपयांची झाली होती? पाच. त्या पाच रुपयांसाठी सरकार जागे झाले. पुढच्या हंगामात, २०१६-१७ ला, वऱ्हाडाने तुरीचे ढीग लावले. हमीभाव बोनससह ५,०५० होता आणि बाजारात व्यापारी चार हजारही देईना. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहिल्या, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. त्या रांगेत तेच होते. डाळींची निर्यातबंदी २००६ पासून होती, ती उठायला २०१७ उजाडले. २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली. ताटातले अन्न स्वस्त राहावे यासाठी एवढी मेहनत करणाऱ्यांनी मग ताटात अन्न उरते म्हणून हळहळावे, याचे आम्हाला नवल वाटते.

ही हळहळ अधूनमधून उफाळते. हॉटेलात ताटात किती वाढावे हे सरकारने ठरवावे, असा विचार २०१७ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनीच बोलून दाखवला होता. म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर आणि त्याचा आणखी एक हप्ता. शिवाय नजर चुकीच्या ठिकाणी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६३ कोटी टन घराघरांतून आणि २९ कोटी टन हॉटेले-खानावळींतून. आपल्याकडे घरातून माणशी वर्षाला ५५ किलो. यात साली, देठे, हाडेही धरलेली आहेत आणि आपला आकडा थोड्याच ठिकाणच्या मोजणीवरून काढलेला अंदाज आहे, तेव्हा त्यावर फार ताणू नये. पण खरकटे फ्रीजवाल्या घरातूनच निघते आणि गरिबाच्या घरातून नाही, हा आपला समज त्या अहवालाने मोडला आहे.

उरलेले अन्न गोळा करून गरिबाला द्यावे, असेही एक मत आहे. त्यासाठी २०१९ मध्ये नियम झाले, शहरांतून रोटी बँका निघाल्या. माणसे चांगली आहेत, त्यांना नावे ठेवणार नाही. पण टाकलेले तुकडे खाणे सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितले होते. भुकेल्याला काम आणि कामाचे पैसे हवेत; आमचे उरले म्हणून त्याचे पोट भरणे हा मार्ग नव्हे.

आता आपल्या घरचे. शहराला बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही, कारण ते टब शहरात नव्हते आणि ते जेवण उधारीवर होते. पूर्वी पळसाच्या पत्रावळीवर पंगत बसे. वाढपी दोनदा-तीनदा फिरे, मागेल त्याला मागेल तेवढे. आग्रह तेव्हाही वाया घालवीच, पण पोळीचा दुसरा तुकडा पहिला संपल्यावर येई. आता ताटावर ठेका. ठेकेदार ताटे मोजतो, अन्न मोजत नाही. पाहुणा एकदा लायनीत लागला की पुन्हा लागायला नको म्हणून एकाच फेरीत सात पदार्थ भरून घेतो, त्यांतले चार त्याने चाखलेलेही नसतात. चारशे पाहुणे येणार असले तरी यजमान सहाशे ताटे सांगतो, कमी पडले तर नाक जाईल म्हणून. पैसे सहाशेचे. त्यासाठी कोणी सोसायटीच्या कर्जात हात घालतो, कोणी सावकाराकडे जातो.

गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. कर्ज काढून सणवार, तेरवी, लग्न करू नका, हे ते कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले. अमरावतीत त्यांच्या समाधीपुढे हात जोडायचे आणि तिथून निघून कॅटररला सहाशे ताटांचा विसार द्यायचा, असे आम्ही करतो. होय, आम्हीच.

भाव मिळाला की नासाडी आपोआप थांबेल, असे आमच्यातले काही म्हणतात. अर्धे खरे आहे. वरणाची वाटी दहा रुपयांची झाली तर घरची बाई आणि खानावळवाला दोघेही मोजून वाढतील. पण लग्नातले ताट आजही महागच आहे. ते शेतकऱ्याला महाग पडते, पाहुण्याला फुकट असते, म्हणून टाकले जाते. ही गाठ बाजार सोडवणार नाही. ती गावात बसून सोडवावी लागेल.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला जेवणाचा ठेका दिलेला नाही. पंगत बसेल; ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, वांग्याची भाजी आणि ठेचा. वाढपी अमरावतीचे. जेवणानंतर खरकटे काट्यावर घालून आकडा सभेत वाचून दाखवला जाईल, तो पुढच्या अंकात छापू, मग तो कितीही लाजिरवाणा असो. काटा आणायचे अकोल्याच्या मंडळींनी कबूल केले आहे. वजने मात्र तपासून आणावीत.