चूकभूल फक्त दुकानदाराची?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या विद्युत उपकरणांच्या दुकानाची पावती हाती घ्यावी आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचावे. पुष्कळदा तेथे दोन वाक्ये शेजारीशेजारी आढळतात. एक असते, 'चूकभूल द्यावी घ्यावी'. दुसरे असते, 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही'. पहिल्या वाक्याने दुकानदार हिशेबातील चूक मागाहून दुरुस्त करण्याचा हक्क राखून ठेवतो. दुसऱ्या वाक्याने तोच हक्क तो ग्राहकाला नाकारतो. बेरजेत दहा रुपये कमी लागले तर व्यवहार पुन्हा उघडता येतो. वीस हजारांचा टीव्ही पहिल्याच दिवशी बंद निघाला तर मात्र व्यवहार कायमचा मिटलेला असतो! बाजारात सत्ता कोणाची चालते हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

उपनगरांतील कामगार व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांना पुढची हकीकत सांगावी लागत नाही. दिवाळीचा बोनस हाती येतो, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून घेतले जातात आणि घरात टीव्ही येतो. खोके उघडले जाते, खटका दाबला जातो आणि पडद्यावर चित्राच्या मधोमध एक उभी रेघ दिसते. दुसऱ्या दिवशी कामावर अर्धी रजा टाकून घरातील कोणीतरी दुकान गाठतो. काल चहा विचारणारा मालक आज मान वर करीत नाही. 'खोके उघडलेत ना? मग आता आमच्या हातात काही नाही. कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करा.' सेवाकेंद्राचा माणूस चार दिवसांनी येतो. वस्तू मुळातच सदोष होती असा दाखला देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते, आणि दाखल्यापेक्षा दुरुस्ती सुचविणेच त्याला सोयीचे जाते. नव्या वस्तूचे पैसे मोजणाऱ्याच्या पदरात अशा रीतीने दुरुस्त केलेली वस्तू पडते. कर्ज देणारी वित्तसंस्था मात्र ठरल्या तारखेला हप्ता वळता करून घेण्यास विसरत नाही. वस्तू बंद, हप्ता चालू!

उघडणे म्हणजे स्वीकारणे नव्हे

या सगळ्या व्यवहाराचा डोलारा एकाच गृहीतकावर उभा आहे. ते असे की, ज्याने खोके उघडले त्याने वस्तू स्वीकारली. हे गृहीतक अनुभवाला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. मंडईत भाजी घेणारी बाई वांगे उलटून पाहते. घडी मोडून पदर पाहिल्यावाचून कोणी साडी विकत घेत नाही. त्याला कोणी अपराध मानीत नाही. सीलबंद खोक्यातील यंत्राची पारख मात्र खोके फोडल्यावाचून होऊच शकत नाही. ज्या कृतीने दोष कळतो त्याच कृतीने दोषाविरुद्धचा हक्क संपतो असे म्हणणे, म्हणजे नाडी दाखविली या कारणास्तव रोग्याला औषध नाकारण्यासारखे आहे.

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. तो इंग्रजी राजवटीत झाला; तो करणारे कोणी समाजवादी नव्हते. तरीही त्याचे ४१ वे कलम स्पष्ट सांगते की, आधी न तपासलेला माल ग्राहकाला मिळाला, तर तो तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानता येत नाही. खोके उघडणे ही ती संधी होय. विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून एखाद्या कामासाठी वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, ही अटही याच कायद्याच्या १६ व्या कलमात गृहीत धरलेली आहे. अशा अटी उभयपक्षी कराराने बाजूला सारता येतात, हे खरे. परंतु पैसे गल्ल्यात पडल्यावर हाती दिलेल्या कागदावरचे एकतर्फी वाक्य हा करार कसा होईल? कराराला दोन माणसे लागतात. येथे एक माणूस आणि एक छापखाना एवढेच आहेत.

कायदा आला, फट राहिली

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर दाद मागण्याची सोय झाली. १९९९ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राज्यांना कळविले की, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, ही गोष्ट थेट कलमात घातली. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच महिन्यात लागू झालेल्या ऑनलाइन विक्रीच्या नियमांनी सदोष, बनावट किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेण्याचे बंधन त्या विक्रेत्यांवरही घातले.

मग अडते कोठे? अडते ते कायद्यात मुद्दाम ठेवल्यासारख्या फटीत. पावतीवर मुदत लिहिण्याचा अधिकार कोणाला? दुकानदाराला! त्याने सात दिवस लिहिले तर सात, एक लिहिला तर एक. ज्याच्यावर बंधन घालायचे त्याच्याच हाती बंधनाची लांबी ठरविण्याची दोरी सोपविणारा हा कायदा आहे. ३० दिवस ही किमान मुदत असावी आणि कोणत्याही पावतीला ती तोकडी करता येऊ नये, एवढी साधी दुरुस्ती संसदेला सुचू नये?

दुसरे आणि अधिक गंभीर दुखणे पुराव्याचे आहे. दोष कारखान्यातून आला की ग्राहकाच्या हातून झाला, असा वाद निघाला की वस्तू प्रयोगशाळेत पाठवावी लागते, आणि त्या तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरावा अशी कायद्याची तरतूद आहे. यंत्राचे आराखडे, सुट्या भागांची माहिती, चाचणीची साधने, तज्ज्ञ, हे सारे उत्पादकाकडे; सिद्ध करण्याचे ओझे मात्र मुलुंडच्या चाळीतील खरेदीदाराच्या डोक्यावर! म्हणून तर आज लोकांना खोके उघडताना चित्रफीत काढून ठेवा असा सल्ला दिला जातो. आपल्याच घरात, आपल्याच पैशाने आणलेली वस्तू उघडताना माणसाने आरोपीसारखा बचावाचा पुरावा तयार करावा, अशी ही अवस्था आहे. अन्यत्र असे नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पैसे घेण्याचा हक्क दिला आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार पहिल्या वर्षात दिसून आलेला दोष मुळापासूनच होता असे धरले जाते. तसे नसल्याचे सिद्ध करणे हे विक्रेत्याचे काम. ते देश काही समाजवादी नाहीत. तेथील भांडवलाला जे बंधन पाळता येते ते येथील भांडवलाला का पाळता येऊ नये?

अंधेरीत तपासणी कोणासाठी?

या प्रश्नाचे उत्तर अंधेरीतच सापडते. तेथे पूर्वेला १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे आजचे सीप्झ, उभे राहिले. उपनगरांतील तरुण मुली तेथे बारीक तारा आणि सुटे भाग जोडण्याच्या कामावर लागल्या. तो माल परदेशी जायचा होता. निर्यात होणाऱ्या मालाच्या दर्जाची आणि तपासणीची चिंता सरकारने त्यापूर्वीच, १९६३ साली, स्वतंत्र कायदा करून वाहिली होती. परदेशी ग्राहकाच्या हाती वाईट वस्तू पडू नये म्हणून १९६३ चा कायदा. देशी ग्राहकाला नुसती दाद मागता यावी म्हणून १९८६ चा! मधली २३ वर्षे काय सांगतात? तपासणी करणे अशक्य नव्हते. ज्याचे पैसे परकीय चलनात येतात त्याच्यासाठी ती शक्य होती. जोडणीच्या टेबलावर दिवसभर मान मोडून काम करणारी मुलगी पगाराच्या दिवशी जो रेडिओ विकत घेणार, त्याच्यासाठी ती शक्य नव्हती, इतकेच. माल घडविताना जिच्या हाताची चूक खपवून घेतली जात नाही, तीच माल विकत घेताना मालकाची चूक निमूटपणे खपवून घेते.

खरा प्रतिपक्ष कोण?

व्यापारी संघटनांचा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. लोक क्रिकेटचे सामने संपेपर्यंत टीव्ही वापरतील आणि मग परत आणून देतील, असे त्या म्हणतात. अशी लबाडी करणारे थोडे लोक असतील. परंतु कायद्याने दिलेला हक्क सदोष वस्तूपुरताच आहे. रंग आवडला नाही किंवा शेजारच्या दुकानात तीच वस्तू स्वस्त दिसली, म्हणून दुकानातून घेतलेला चांगला माल परत करण्याचा हक्क कोणी मागत नाही आणि कार्यकर्त्यांनीही तसे आश्वासन कोणाला देऊ नये. मागणी न्यायाची आहे, मेहेरबानीची नव्हे.

दुसरे असे की, छोटा दुकानदार हा या साखळीतील शेवटचा दुवा आहे. उघडलेले खोके त्याने परत घेतले तर वितरक ते त्याच्याकडून परत घेत नाही, वितरकाला कंपनी दारात उभे करीत नाही. नफा खालून वर जातो, तोटा वरून खाली येतो, आणि सर्वांत खाली ग्राहक उभा असतो. म्हणून लढा गल्ल्यावरच्या दुकानदाराशी थांबता कामा नये. विक्रीकमिशनवर राबणाऱ्या त्याच्या नोकराशी तर मुळीच नाही. सदोष माल वितरकाने आणि उत्पादकाने ठरावीक दिवसांत परत घेऊन भरपाई दिलीच पाहिजे, ही मागणी छोट्या दुकानदारालाही सोडविणारी आहे. त्याला सोबत घेता आले तर घ्यावे. मात्र पावतीवरचे ते वाक्य त्याने आधी पुसले पाहिजे.

'हा मध्यमवर्गाचा प्रश्न'

कार्यकर्त्यांपैकी काहींचा आक्षेप मात्र अधिक घातक आहे. टीव्ही-मोबाइलच्या तक्रारी म्हणजे चंगळवादी मध्यमवर्गाची कुरकुर. चळवळीने त्यात वेळ का घालवावा, असे ते विचारतात. त्यांनी घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत जाऊन पाहावे. घरोघर माल पोचविणाऱ्या तरुणाच्या हातातील मोबाइल हे आज त्याचे हत्यार आहे, जसा सुताराचा रंधा. तो नवा घेतलेला मोबाइल तिसऱ्या दिवशी बंद पडला आणि दुकानदाराने सेवाकेंद्राची वाट दाखविली, तर जितके दिवस फेऱ्या तितके दिवस मजुरी बुडते. श्रीमंताची वस्तू बिघडली तर तो दुसरी घेतो. गरिबाची बिघडली तर तो कर्जात जातो. तेव्हा हा प्रश्न कोणाचा?

चळवळीला तर हे नव्याने शिकविण्याची गरजच नसावी. १९७२ साली गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी निघाली. तेल-साखरेचा भाव हा स्वयंपाकघरातला खासगी विषय नसून राजकारणाचा विषय आहे, हे त्या लाटण्यांनी शिकविले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट बांधून खरेदीच संघटित केली. त्या पिढीला जे कळले होते ते आज विसरले गेले आहे. ग्राहक एकेकटा असतो तोवर तो गिऱ्हाईक असतो. संघटित झाला की नागरिक होतो.

कार्यकर्त्यांपुढील काम

यासाठी कोणत्या भव्य कार्यक्रमाची जरुरी नाही. प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील दुकानांच्या पावत्या गोळा कराव्यात. ज्यांवर ते बेकायदा वाक्य आहे त्यांची यादी करून उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्यावी. ग्राहकवर्गाच्या हक्कभंगाची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याच्या १६ व्या कलमाने त्यांना दिला आहे. तो कागदावर पडून राहू देऊ नये. शाखेच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ तक्रारी लिहून देण्यासाठी ठेवावी. दोष दिसताच दुकानदाराला लेखी कळविणे किती महत्त्वाचे आहे हे लोकांना सांगावे, कारण वाजवी मुदतीत न कळविता वस्तू ठेवून घेणे म्हणजे स्वीकार, असे १९३० चा कायदाच म्हणतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

परंतु वांद्र्याच्या आयोगापर्यंत माणूस पोचविला म्हणजे काम संपले असे नव्हे. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. देशभरातील आयोगांतील रिकाम्या जागांची मात्र २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी ठेवणे हाही न्याय नाकारण्याचाच एक मार्ग आहे. म्हणून तीन मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत: ३० दिवसांची किमान मुदत, पहिल्या वर्षातील दोषाबाबत पुराव्याचे ओझे उत्पादकावर, आणि वाद मिटेपर्यंत सदोष वस्तूच्या हप्त्याला स्थगिती.

'चूकभूल द्यावी घ्यावी' हे वाक्य मुळात फार चांगले आहे. माणसाकडून चूक होते आणि ती उभयतांनी मान्य करून दुरुस्त करावी, असा जुन्या व्यवहारातील शहाणपणा त्यात आहे. ते पावतीवर राहावेच. फक्त ते दोघांनाही लागू झाले पाहिजे, आणि त्याच्या शेजारचे वाक्य खोडले गेले पाहिजे. ज्यांनी ते छापले ते आपल्या हाताने खोडणार नाहीत. ते काम संघटित ग्राहकांनाच करावे लागेल.