चित्रातले घर कोणाचे?
(बी. ए. भाग २)

चित्रांचे पुस्तक म्हटले की आपल्याला बालवाडी आठवते. महाविद्यालयीन विद्यार्थिनीने त्यावर लेख लिहावा, हे काहींना पोरकटपणाचे वाटेल. वाटो बापडे!

यंदा आमच्या एका सरांनी शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे 'द अरायव्हल' हे २००६ सालचे पुस्तक आम्हांला दाखविले. एक माणूस बायको व मुलीचा निरोप घेऊन परक्या देशी जातो, एवढीच कथा. पण पुस्तकभर वाचता येईल असा एक शब्द नाही. चित्रांत पाट्या आहेत, कागद आहेत, त्यांवर अक्षरेही आहेत. परंतु ती चित्रकाराने मनाने रचलेली. त्या माणसाला ती वाचता येत नाहीत, आणि आपल्यालाही नाहीत. इंग्रजीचे प्राध्यापक आणि मी, दोघेही तेथे सारखेच निरक्षर!

त्या माणसाची गत मी सहाव्या वर्षी भोगली आहे. मी पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावरची. बाप सूप-टोपल्या विणतो, माय मजुरीला जाते. दोघांनाही अक्षरओळख नाही. पहिलीतच मला निवासी आश्रमशाळेत घातले. कोलामी ही गोंडी-तेलुगूप्रमाणे द्राविडी कुळातली भाषा. मराठीच्या कुळाशी तिचे नाते नाही. तक्त्यावरच्या घरावर छडी ठेवून "हे काय?" असे विचारण्यात आले. मी "एल्ला" म्हणाले. वर्ग हसला. उत्तर चूक नव्हते हो! आमच्या भाषेत घराला एल्लाच म्हणतात. पुढे कितीतरी दिवस मी वर्गात तोंडच उघडले नाही. रात्री पांघरुणात रडणे तेवढे चाले, त्याला भाषा लागत नाही.

घरची ओढ हा काही ताप नव्हे, की दोन दिवसांत उतरेल. ती सांगण्यापुरती मराठी येईपर्यंत मुलाने काय करावे? त्याच्या हाती निदान चित्र द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे चांगली चित्रपुस्तके नाहीत असे नव्हे. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पाहा. लेखनही त्यांचे, चित्रेही त्यांचीच, आणि घरातली माणसे किती खरी! पण राधा आपल्या घरात आहे. जिचे घर ४० किलोमीटरवर राहिले आणि जी दिवाळीची सुट्टी बोटांवर मोजते, तिचे पुस्तक माझ्या हाती अजून आलेले नाही. कुडाची भिंत, वर कवेलू, अंगणात वाळत घातलेला मोह, असे घर तक्त्यावर का नसावे? ते कोणी शहरातून येऊन काढील याची वाट तरी कशाला पाहावी? आपल्या महाविद्यालयात पोडावरून, तांड्यावरून आलेली मुले आहेत, आणि चित्रे काढणारे हातही आहेत. या अंकाच्या मुखपृष्ठासाठी सूर्योदयाचीच अकरा चित्रे आली, असे ऐकते!

दिवाळीत सरांच्या परवानगीने ते पुस्तक मी घरी नेले. माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे, तोही आश्रमशाळेतच राहतो. आरंभीच्या पानांवर तो माणूस कुटुंबाची तसबीर कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो. भाऊ तेथेच अडला. मला पान उलटू देईना. मग कोलामीत म्हणाला, "आपल्या मायचा फोटो तर आधारकार्डावरच आहे. तो कसा न्यायचा?"