कुंपणापलीकडचा शेजार

यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि कापसाच्या या गावात देशभरातले विद्यार्थी ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला येऊ लागले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. जिल्ह्यातल्या खेड्यांना मिशन कळलं ते मुख्यतः पांढरकवड्याजवळच्या उमरीतल्या फ्री मेथडिस्ट दवाखान्यामुळे. प्रवचनाला न येणारा माणूसही दवाखान्यात येतोच.

पण सेवा हे आमिष आहे, असा संशय आजही घेतला जातो. त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. मदतीला अट नसावी आणि आपली श्रद्धा लपवूही नये, एवढं पथ्य पाळलं तर संशयाला जागा उरत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिलं होतं. भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगणारे टिळक इतरांना परके वाटले नाहीत.

कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर आपल्या मंडळ्यांतलं कोण जाऊन बसतं? नाताळच्या फराळापुरता शेजार पुरे आहे का? या अंकातले लेख हेच प्रश्न विचारतात. वाचकांनी आपापल्या गावातून उत्तरं कळवावीत.